वेशीवरचे विद्युत् क्षेत्र

ध्रुवीय प्रकाशाची कडी पृथ्वीच्या दोन्ही टोकांना टोपीच्या काठासारखी बसलेली असते. त्या काठाबाहेर, विषुववृत्ताच्या बाजूला, आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या उंचावरच्या विद्युत्‌भारित थराचा, जो पट्टा लागतो त्याला पुढील पानांत उपध्रुवप्रकाशी पट्टा म्हटले आहे. शब्द जड आहे, म्हणून त्याचा अर्थ आधीच उलगडून ठेवतो. गावाला वेस असते, आणि वेशीच्या लगेच बाहेरच्या जागेत गावाची वस्ती संपलेली असली तरी गावाचा वावर संपलेला नसतो. हा पट्टा तसाच आहे. शांत दिवसांत तिथे फारसे काही घडत नाही. सौरवाताच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताच्या माऱ्याने पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले, की तिथले विद्युत् क्षेत्र काही मिनिटांत कित्येक पटींनी वाढते आणि दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवरचे आयन सेकंदाला एक किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने पश्चिमेकडे धावू लागतात. सातारा-सांगलीच्या वाचकाने इतक्या दूरच्या पट्ट्याची ओळख का करून घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे असे, की वादळाच्या दिवशी आपल्या डोक्यावरच्या आयनांबरात काय होणार याचा निवाडा बऱ्याच अंशी त्या वेशीवर होतो, आणि तो होताना पाहण्याचे सर्वांत भरवशाचे साधन रडार आहे. या प्रस्तावनेत मला एवढ्या एकाच विधानाची बाजू मांडायची आहे.

रडार म्हटले की साताऱ्याच्या वाचकाला मांढरदेवचा डोंगर आठवावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने पावसाळी ढगांचा अभ्यास करण्यासाठी तिथे रडार चालवले, आणि त्याच संस्थेची ढगांच्या भौतिकीची उंचावरील प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे. मांढरदेवच्या एका रडारची तरंगलांबी अवघी साडेआठ मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे तीन सेंटिमीटर. कारण त्यांना ढगातले बारीक थेंब आणि पावसाच्या धारा पाहायच्या असतात. सांगलीच्या वाचकाला त्याहून जवळचे एक रडार आहे, पण त्याची वार्ता फारशी कुणाच्या कानावर नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९९ पासून १.९८ मेगाहर्ट्झचे रडार चालवले आहे. त्याची तरंगलांबी सुमारे दीडशे मीटर. ढग त्याला दिसतही नाहीत. त्याचा प्रतिध्वनी साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरून, विरळ हवेतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांवरून परत येतो. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात, तेव्हा हे रडार या भागाच्या स्वतःच्या विद्यापीठाचे आहे असे म्हणण्यात काहीच अतिशयोक्ती नाही. पन्हाळ्यावर त्याच संस्थेच्या कॅमेऱ्याने रात्रीच्या आकाशाचा मंद तांबडा प्रकाश टिपला आहे. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवरून येतो आणि त्यात आयनांबरातील पोकळ्या काळ्या पट्ट्यांसारख्या उमटतात. या दोन जागा वाचकाने ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांच्याकडे परत यायचे आहे.

आता पहिला आक्षेप. तो इतका बरोबर आहे की तो आधीच मान्य करून टाकणे बरे. रडार विद्युत् क्षेत्र मोजत नाही. ते मोजते गती. रेडिओ तरंग पाठवायचा, आयनांबरातून परत आलेल्या तरंगाची वारंवारता किती सरकली ते पाहायचे आणि त्यावरून परावर्तन करणारे कण जवळ येत आहेत की दूर जात आहेत ते ठरवायचे; रेल्वेची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, त्याच तत्त्वावर. विद्युत् क्षेत्र हे त्या गतीवरून काढलेले अनुमान असते. पण अनुमान म्हणजे अंदाज नव्हे. साधारण दोनशे किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की आयनांच्या आणि वायूच्या रेणूंच्या टकरी क्वचितच होतात. अशा ठिकाणी भारित कणांना विद्युत् क्षेत्राच्या दिशेने जाता येत नाही. विद्युत् आणि चुंबकीय अशा दोन्ही क्षेत्रांना काटकोनात असलेल्या दिशेने ते सरकतात, आणि आयन व इलेक्ट्रॉन दोघेही एकाच वेगाने सरकतात. तो वेग म्हणजे विद्युत् क्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्याला उत्तम ठाऊक आहे. उपध्रुवप्रकाशी पट्ट्यात ते सुमारे पन्नास हजार नॅनोटेस्ला असते. तिथे आयन सेकंदाला एक किलोमीटर वेगाने धावत असतील तर विद्युत् क्षेत्र मीटरला पन्नास मिलिव्होल्ट, म्हणजे किलोमीटरला पन्नास व्होल्ट निघते. भारतातल्या चुंबकीय विषुववृत्तावर शांत दिवशी आयनांबर सेकंदाला वीसेक मीटर वेगाने वर सरकते. तिथले क्षेत्र त्याच हिशेबाने किलोमीटरला एक व्होल्टही भरत नाही. उपग्रहांवरील उपकरणांनी थेट मोजलेले क्षेत्र आणि रडारने गतीवरून काढलेले क्षेत्र पुन्हा पुन्हा ताडून पाहिले गेले आहे. म्हणून अनुमानाची ही पायरी मला पक्की वाटते.

या पट्ट्यातला वेगवान प्रवाह पहिल्यांदा सापडला तो मात्र उपग्रहांनाच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संशोधक गाल्पेरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉसमॉस-१८४ या उपग्रहाच्या नोंदींत त्याची खूण ओळखली. १९७९ मध्ये स्पायरो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी उपग्रहाच्या आधारे अशाच अतिशय अरुंद, अतिशय वेगवान प्रवाहाचे वर्णन केले. दरम्यान मॅसॅच्युसेट्समधील मिलस्टोन हिलचे ४४० मेगाहर्ट्झचे रडार त्याच आकाशावर वर्षानुवर्षे रोखलेले होते. त्याला दिसत होता तो प्रवाह अरुंद नव्हता. तीन ते पाच अंश रुंदीचा, संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत आणि पुढेही टिकणारा होता. एकाच गोष्टीला दोन-तीन नावे पडली, आणि ती एकच आहे की वेगवेगळी, यावर वाद झाला. २००२ मध्ये फॉस्टर आणि बर्क यांनी या सगळ्यांना एका नावाखाली आणले. इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेले ‘सॅप्स’ हे नाव आता सर्वत्र रूढ आहे. मराठीत मी त्याला उपध्रुवप्रकाशी ध्रुवणप्रवाह म्हणेन. रडारशिवाय हे एकत्रीकरण झाले नसते. फॉस्टर आणि व्हो यांनी त्याच वर्षी मांडलेली सरासरी १९७९ ते २००० या काळातील मिलस्टोन हिलच्या नोंदींवर, म्हणजे सूर्याच्या दोन डागचक्रांवर उभी होती.

हा प्रवाह इतका जोरकस का असतो, याचे कारण समजले की पुढचा युक्तिवाद सोपा होतो. वादळात पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूने उष्ण आयन आणि इलेक्ट्रॉन चुंबकांबरातून, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचातून, आत लोटले जातात. संध्याकाळच्या बाजूला आयन इलेक्ट्रॉनांपेक्षा पृथ्वीच्या अधिक जवळ पोहोचतात. जिथपर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचतात तिथे त्यांच्या माऱ्याने खालची हवा आयनित होऊन चांगली विद्युत्‌वाहक बनते. त्याच्या पलीकडे, फक्त आयन पोहोचले तिथे, सूर्य मावळलेला आणि मारा नाही, म्हणून हवेची संवाहकता अगदी कमी असते. नेमके त्याच ठिकाणी चुंबकीय रेषांवरून विद्युत्‌प्रवाह खाली उतरतो आणि त्याला आडवे जाऊन आपले मंडळ पुरे करावे लागते. वाट वाईट आणि प्रवाह तर जायलाच हवा, म्हणून तिथे मोठे विद्युत् क्षेत्र उभे राहते. त्यात आणखी एक भर पडते. आयन वेगाने धावू लागले की घर्षणाने तापतात, तापलेले आयन अधिक झपाट्याने नाहीसे होतात, संवाहकता आणखी घटते आणि क्षेत्र आणखी वाढते. कॅनडातील हौशी आकाशनिरीक्षकांनी ‘स्टीव्ह’ असे नाव दिलेला जांभळट प्रकाशाचा पट्टा अशाच अतिवेगवान प्रवाहाशी जोडलेला असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. या विषयात मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट तीच आहे, पण तिचा विस्तार इथे करत नाही.

उपग्रह थेट मोजत असताना रडारचा खटाटोप कशाला, असा दुसरा आक्षेप येतो. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जातो. शंभर किलोमीटर रुंदीचा पट्टा तो तेरा-चौदा सेकंदांत ओलांडतो आणि पुन्हा तिथे यायला त्याला सुमारे दीड तास लागतो. तोवर पृथ्वी खाली फिरलेली असते आणि तो वेगळ्या रेखांशावरची वेगळी घटना पाहतो. मधल्या काळात क्षेत्र वाढले, घटले, सरकले की थरथरले, हे त्याच्या नोंदीवरून कळत नाही. जे दिसले ते जागेमुळे की वेळेमुळे, हेही सांगता येत नाही. या पुस्तकाचा विषय क्षेत्रातील बदल हा आहे, आणि बदल पाहायला एका जागी बसून राहणारा साक्षीदार लागतो. ‘सुपरडार्न’ या आंतरराष्ट्रीय जाळ्यातील रडार ८ ते २० मेगाहर्ट्झवर चालतात आणि हजारो किलोमीटरचे आकाश एक-दोन मिनिटांत विंचरून काढतात. हे जाळे आधी ध्रुवीय प्रकाशाच्या कडीसाठी उभे राहिले. मोठ्या वादळात कडी खाली सरकून रडारच्या नजरेबाहेर जाते, हे ध्यानात आल्यावर २००५ पासून मध्यम अक्षांशांवर नवे रडार बसवले गेले, आणि उपध्रुवप्रकाशी पट्टा सविस्तर दिसू लागला.

त्या साक्षीदाराच्या मर्यादाही मी झाकून ठेवणार नाही. सुपरडार्नचे रडार फक्त तिथूनच प्रतिध्वनी मिळवते जिथे आयनांबरात तरंगलांबीच्या निम्म्या आकाराच्या गुठळ्या असतात. गुठळ्या नाहीत तिथे रडार गप्प असते, आणि त्याचे गप्प असणे म्हणजे क्षेत्र नसणे, असा अर्थ काढला तर अभ्यासकाची फसगत होते. शिवाय शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवरून आलेले प्रतिध्वनी खरी गती कमी दाखवतात. तिथे गुठळ्यांचा वेग आयनांतल्या ध्वनीच्या वेगाजवळ अडकून राहतो. मिलस्टोन हिलसारख्या रडारला गुठळ्यांची गरज नसते, पण त्याला अवाढव्य शक्ती आणि अँटेना लागते आणि अशी रडार जगात मोजकीच आहेत. दोन्ही प्रकारांची नोंद एकमेकांशी जुळते तिथेच मी ठामपणे बोलतो.

मुख्य आक्षेप अजून बाकी आहे. सातारा १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, सांगली १६.९ वर, चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीजवळून जाते. या दोन जिल्ह्यांचे आकाश विषुववृत्तीय आयनांबराच्या अगदी शेजारचे. ध्रुवाकडच्या वेशीशी त्याचा संबंध काय? संबंध विद्युत्‌चाच आहे. आयनांबर हे विद्युत्‌वाहक कवच आहे, आणि त्याच्या एका भागात उभे राहिलेले क्षेत्र दुसऱ्या भागात जवळजवळ तत्काळ पोहोचू शकते. १९६८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ निशिदा यांनी दाखवले, की ध्रुवाकडचे आणि विषुववृत्तावरचे चुंबकीय चढउतार एकाच वेळी, एकाच तालात होतात आणि ते सौरवातातील चुंबकीय क्षेत्राच्या चढउतारांशी जुळतात. १९७५ मध्ये आर. जी. रस्तोगी आणि व्ही. एल. पटेल यांनी दाखवले, की सौरवातातले क्षेत्र दक्षिणेकडून एकाएकी उत्तरेकडे वळले की विषुववृत्तावरील आयनांबरातले क्षेत्र उलटे होते. रस्तोगी पुढे भूचुंबकत्व संस्थेचे संचालक झाले. मग हा परिणाम नेहमीच का दिसत नाही? कारण वाटेत वेस आहे. चुंबकांबराच्या आतल्या कडेवर साठलेला भार आणि तिथून उतरणारे प्रवाह मिळून बाहेरच्या क्षेत्राला अडवणारे उलटे क्षेत्र तयार करतात. हा अडसर पूर्ण बसला असेल तेव्हा वादळाचे क्षेत्र उपध्रुवप्रकाशी पट्ट्यातच कोंडले जाते. ध्रुवणप्रवाह म्हणजे त्या कोंडलेल्या क्षेत्राचीच खूण. वादळ एकाएकी जोर धरते तेव्हा अडसर बसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात क्षेत्र आपल्यापर्यंत झिरपते. वादळ एकाएकी ओसरते तेव्हा बाहेरचे क्षेत्र जाते पण अडसर मागे राहतो, आणि विषुववृत्तावर उलटे क्षेत्र उमटते. रस्तोगी-पटेल यांनी पाहिले ते हेच.

झिरपलेल्या क्षेत्राने काय होते याचा भारताच्या आकाशातला उत्तम पुरावा १७ मार्च २०१५ च्या वादळाचा आहे. भूचुंबकत्व संस्थेचे एस. तुलसी राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१६ मध्ये मांडला. त्या दिवशी वादळाचे क्षेत्र आत शिरले तेव्हा भारतात सूर्यास्ताची वेळ होती. विषुववृत्तावर आयनांबराचा वरचा थर झपाट्याने ५५० किलोमीटरच्याही वर उचलला गेला आणि त्याच्या तळातून विरळ आयनांचे प्रचंड बुडबुडे वर चढले. हे बुडबुडे चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण पसरतात. त्या संध्याकाळी ते चुंबकीय अक्षांशाच्या पंचवीस अंशांच्याही पुढे गेले. म्हणजे सातारा-सांगली तर त्यांच्या वाटेतच होते. आणि थोडेच पूर्वेला, थायलंड-इंडोनेशियाच्या रेखांशावर, जिथे रात्र झालेली होती, तिथे थरही चढला नाही आणि बुडबुडेही झाले नाहीत. एकच वादळ, एकच क्षण, आणि काही अंश रेखांशाने पडलेला इतका फरक! पन्हाळ्याच्या कॅमेऱ्यात काळ्या पट्ट्या म्हणून दिसतात ते असेच बुडबुडे असतात. त्यांच्यातून येणारा उपग्रहाचा संदेश लुकलुकतो आणि कधी कधी तुटतो.

यावर जाणकार वाचक म्हणेल, की वादळात आपल्याकडे क्षेत्र बदलते त्याला दुसरेही कारण आहे. ध्रुवाकडची हवा वादळात तापते, तिथून वारे विषुववृत्ताकडे वाहतात आणि भारित कणांना ओढून नवे क्षेत्र निर्माण करतात. ब्लँक आणि रिचमंड यांनी १९८० मध्ये हे मांडले, आणि ते खरे आहे. पण वाऱ्याला यायला तास लागतात, क्षेत्राला मिनिटेही लागत नाहीत. म्हणून दोहोंचा भेद घड्याळावर होतो, आणि त्यासाठी वेशीवरचे क्षेत्र नेमके कोणत्या मिनिटाला उसळले हे माहीत असावे लागते. २०१५ च्या उदाहरणात तर दोन्ही कारणे एकाच वेळी हजर होती: थायलंडकडे त्यांनी एकमेकांना जवळजवळ निकामी केले, भारताकडे झिरपलेले क्षेत्र वरचढ ठरले. कोल्हापूरच्या रडारचे मोल मला इथे दिसते. ते विद्युत् क्षेत्र मोजत नाही, मोजते ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचे वारे आणि त्यांतल्या भरती-ओहोटीसारख्या दैनिक लाटा. पण आपल्या आकाशातले रोजचे क्षेत्र याच लाटा वर चढून, शंभर किलोमीटरच्या वरच्या हवेला हलवून निर्माण करतात. रोजचे क्षेत्र किती ते कळल्याशिवाय वादळाने त्यात किती भर घातली, हे कसे सांगणार?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची एक जुनी नोंद याच वादात अडकलेली आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी, कॅरिंग्टनने पाहिलेल्या सौर ज्वालेनंतर सतरा-अठरा तासांनी, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला. या नोंदीवर त्सुरुतानी, भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना, शोभना अॅलेक्स आणि सहकाऱ्यांचा निबंध २००३ मध्ये आला, आणि त्यांनी ही घट पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाची ठरवली. इतरांनी शंका घेतली: घट आली तशी फार लवकर भरून निघाली, आणि वलयप्रवाह इतक्या झटपट ओसरत नाही, मग ध्रुवीय प्रकाशाच्या कडीचे प्रवाह, तिच्या वेशीसकट, त्या दिवशी खूप खाली तर सरकले नव्हते ना? मला ही शंका गंभीर वाटते. एका ठिकाणच्या चुंबकमापकावरून ती सोडवता येणार नाही, कारण दोन्ही प्रवाहांची सुईवर एकच छाप पडते. कुलाब्याच्या नोंदी शास्त्रापर्यंत पोहोचल्या त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांना जाते. १८४६ ते १९०५ च्या नोंदींवरचा त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभी राहिली, आणि तिथली नोंद आजही चालू आहे.

उपयोगाबद्दल दोन शब्द, पण जपून. चुंबकीय वादळ म्हटले की मार्च १९८९ मध्ये क्यूबेकमध्ये नऊ तास गेलेल्या विजेचा दाखला दिला जातो, आणि लगेच कोयनेच्या वाहिन्यांची काळजी सुरू होते. क्यूबेक ध्रुवीय प्रकाशाच्या कडीखाली येते, कोयना येत नाही. आपल्या अक्षांशावर जमिनीत उपजणारे प्रवाह त्या मानाने बरेच लहान असतात, आणि वाचकाला घाबरवून विषय खपवणे मला पटत नाही. उपग्रहावरून स्थान काढण्याची गोष्ट वेगळी. उपग्रहापासून आपल्यापर्यंतच्या एक चौरस मीटरच्या स्तंभात दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन वाढले, की मुख्य वारंवारतेवर अंतराच्या मापात सोळा सेंटिमीटरची भर पडते. वादळात ही संख्या अशा दहा-वीस एककांनी सहज हलते. भूमी अभिलेख खात्याची रोव्हरने होणारी मोजणी बांधाच्या वादात सेंटिमीटरपर्यंतचा भरवसा देते. तो भरवसा दुरुस्तीच्या संदेशांवर उभा असतो, आणि बुडबुड्याच्या कडेवर ती दुरुस्तीच डळमळते.

अभ्यासासाठी लागणारे बरेचसे साहित्य भारताच्या हाती आहे. अंटार्क्टिकावरील मैत्री हे आपले स्थानक चुंबकीय अक्षांशाने सुमारे ६२-६३ अंशांवर, म्हणजे शांत दिवसांत उपध्रुवप्रकाशी पट्ट्यात आहे. वादळात कडी त्याच्या डोक्यावर येते. तिथली चुंबकमापके भूचुंबकत्व संस्थेची आहेत. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची लाली टिपली. आपल्याच बाजूच्या रेखांशांवर, रशियात येकातेरिनबुर्गजवळ, सुपरडार्नसारखे रडार चालते. अलिबाग, तिरुनेलवेली, कोल्हापूर आणि पन्हाळा ही अलीकडची टोके. वेशीवरचा अडसर बसायला किती वेळ लागतो, यावर अजून एकमत नाही. काही वादळांत तो वीस-तीस मिनिटांत बसतो, काहींत क्षेत्र तासन्‌तास झिरपत राहिलेले दिसते. भारतातल्या सूर्यास्ताच्या सुमारास जोर धरलेली वादळे वेचून, रडारमध्ये प्रवाह उसळण्याची वेळ, मैत्रीवर कडी येण्याची वेळ आणि तिरुनेलवेलीवर थर चढू लागण्याची वेळ एका कागदावर मांडली, तर या मतभेदातला निदान आपल्या रेखांशापुरता भाग निकालात काढता येईल. पुढची प्रकरणे त्याच क्रमाने लावली आहेत: आधी गतीवरून क्षेत्र कसे काढतात, मग वेस, आणि शेवटी आपले आकाश.